तेलाचा वार

सावित्री नदी समुद्राला मिळते तिथून दक्षिणेला निघालं की डोंगर आणि पुळण यांच्या चिंचोळ्या पट्टीत एकापाठोपाठ एक गावं लागतात. पुढे सुरूचं बन, मग नारळ-सुपारीची आगरं, मग पाखाडी आणि पाखाडीच्या दोन्ही अंगांना कौलारू घरं. अशाच एका गावाची ही गोष्ट. गाव आणि त्यातली माणसं गोष्टीतली आहेत, नकाशावर शोधून सापडायची नाहीत. पण ज्या वेळासला जाऊन ती शहाणी झाली ते वेळास खरं आहे, कासवं खरी आहेत आणि ज्या वादळाने शेवटी त्यांची परीक्षा घेतली तेही खरं आहे.

गावात ४२ घरं. त्यांची चूल पेटायची ती आगरातल्या नारळ-सुपारीवर, पावसाळ्यातल्या भातावर आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. त्यातली मनीऑर्डर सगळ्यांत भरवशाची. घरटी एक तरी माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या दुकानात कामाला. १९८२ च्या संपानंतर गिरणीवाल्या घरांची मनीऑर्डर आटली, माणसं परत आली. पण परतलेल्यांच्या हाताला गावात काम नव्हतं. त्यांची पोरं मोठी झाली तशी तीही ट्रंक घेऊन एसटीत बसली. गावात राहिली म्हातारी माणसं, सुना आणि शाळेतली मुलं. कोकणचा कॅलिफोर्निया करू, हे आश्वासन ऐकत कोकणातल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. ते ऐकताना माणसं कुणीतरी बाहेरून येऊन काहीतरी करील याची वाट बघत राहिली, आणि माझ्या मते कोकणाचं सगळ्यांत मोठं नुकसान त्या वाट बघण्याने केलं.

भैरीच्या देवळातला दिवा मात्र गावाने कधी विझू दिला नाही. त्याची रीत जुनी होती. सात वार, वाराला सहा घरं. त्या सहांनी आळीपाळीने तेल न्यायचं. ज्या घराचा वार असेल त्या घरातलं कुणीतरी दिवेलागणीला वाटीभर तेल घेऊन पाखाडी चढायचं. घरात लग्न असो की सुतक, शेजारी तेल घालायचे, पण वार चुकायचा नाही. तेल श्रीमंताच्या घरचं म्हणून दिवा जास्त उजेड देत नसे, आणि गरिबाच्या घरचं म्हणून कमी. या गावाकडे भांडवल म्हणावं असं एवढंच होतं, आणि ते भांडवल आहे हे कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

गावातले आबा पुळणीचे जाणकार. हिवाळ्यात पहाटे ते काठी घेऊन निघायचे. रात्री कासवाची मादी वर येऊन गेली असेल तर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटलेला असतो. येतानाचा एक आणि जातानाचा एक. दोन्ही माग जिथे मिळतात तिथे आबा काठी रोवत. घट्ट वाळूत काठी अडते. घरट्यावर आली की एकदम सैल पडते, जशी पिकल्या फणसात सुरी जावी. मग हाताने वाळू उपसायची. हातभर खाली गेलं की टेबल टेनिसच्या चेंडूएवढी पांढरी, मऊ कवचाची अंडी लागतात, शंभर-सव्वाशे. वडिलांनी हे त्यांना शिकवलं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. थोडी अंडी घरी, बाकीची बाजाराला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असं करणं हा गुन्हा ठरतो, हे आबांना पुष्कळ उशिरा कळलं. कायदा झाला होता, पण तो पुळणीवर कधी उतरला नव्हता.

ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. आपल्या किनाऱ्यावर त्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री येते, मागच्या वल्ह्यांनी सुरईसारखा खड्डा करते, अंडी घालते, वाळू ओढून अंगाने दाबते आणि निघून जाते. पुन्हा मागे वळून बघत नाही. अंडी उबवायचं काम वाळू करते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात.

आता वेळासची हकीकत. मंडणगड तालुक्यातलं हे गाव तोवर नाना फडणवीसांचं गाव म्हणून ठाऊक होतं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं समुद्री गरुडांचा अभ्यास करत किनाऱ्याने फिरत होती. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की कासवं येतात, पण अंडी राहत नाहीत. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पोलीस बोलावले नाहीत. ते गावकऱ्यांशी बोलत राहिले, आणि ज्यांना घरटी शोधता येत होती त्यांच्याच हाती घरटी राखायचं काम दिलं. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पुण्या-मुंबईची माणसं पिल्लं बघायला आली, आणि गावात हॉटेल नव्हतं म्हणून गावकऱ्यांच्या घरी उतरली. तेच पुढे वेळासच्या उत्पन्नाचं साधन झालं.

आपल्या गोष्टीतल्या गावचे गुरुजी एका मार्चमध्ये आबांना, काकींना आणि आणखी तिघांना जीपमध्ये घालून वेळासला घेऊन गेले. काकी लहान वयात विधवा झालेल्या, शिक्षण चौथीपर्यंत, दोन खोल्यांचं घर आणि एक मुलगा. बचत गटाची वही त्या लिहायच्या म्हणून त्यांना नेलं.

सकाळी सातच्या सुमारास ते पुळणीवर पोचले. जाळीच्या कुंपणात, म्हणजे घरट्यांतली अंडी आणून पुरतात त्या हॅचरीत, वाळूवर टोपल्या उपड्या घातल्या होत्या. दोरीच्या पलीकडे दीड-दोनशे माणसं उभी. लहान मुलं बापाच्या खांद्यावर. एका मुलाने टोपली उचलली. वाळू आधी नुसती थरथरली. मग एक काळं नाक वर आलं, मग वल्ह्याएवढासा हात, आणि बघता बघता दोन बोटांएवढी बारा-पंधरा पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत बाहेर आली. मुलाने ती पाण्यापासून काही पावलांवर वाळूत सोडली. लाटेने पहिल्यांदा त्यांना उलटंपालटं करून मागे फेकलं. ती पुन्हा समुद्राकडे तोंड करून निघाली. कुणी बोलत नव्हतं.

आबांनी त्या मुलाला विचारलं, "बाळा, हातानेच पाण्यात का नाही सोडत? लवकर पोचतील."

"चालू द्यावं लागतं आबा," मुलगा म्हणाला. "या वाळूवरून चालत गेली तरच हा किनारा त्यांच्या ध्यानात राहतो. मोठी झाली की मादी याच बाजूला अंडी घालायला येते."

दुपारी त्यांनी तिथल्याच एका घरी जेवण घेतलं. केळीच्या पानावर कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी. शेजारच्या पंगतीत पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांनी पैसे दिले आणि वर घरच्या आजींच्या पाया पडून गेले. काकी ते बघत राहिल्या.

परतीच्या वाटेवर आबा जीपमध्ये बराच वेळ गप्प होते. घाट चढताना म्हणाले, "गुरुजी, एका घरट्याचे पैसे माझ्या एका संध्याकाळीत उडायचे. यांनी तेवढ्याच घरट्यावर सगळं गाव जेवू घातलंय."

त्या आठवड्यात देवळात गावकीची बैठक बसली. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे दोघे जणही आले होते. कासवं राखायला कुणाची ना नव्हती. अडचण आली ती पाहुण्यांवर. शहरातली माणसं येणार, आपल्या घरी त्यांना काय दाखवणार? पहिला प्रश्न संडासाचा. बऱ्याच घरांत तो नव्हताच. बचत गटाने कर्ज काढायचं ठरलं. दुसरा प्रश्न त्याहून अवघड: पाहुणे जाणार कुणाच्या घरी? ज्याचं घर रस्त्याला लागून, त्याच्याकडेच सगळे शिरणार. डोंगराकडच्या वाडीने मग रात्रभर पुळणीवर गस्त का घालायची?

कुणीतरी म्हणालं, तेलासारखा वार लावा. सगळ्यांना पटलं. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्यातही हाच विचार होता: एका घरावर भार नको आणि एका घराचा उपकारही नको. पण काकींनी हात वर केला. "वार लावाल तर शनिवारच्या घरांचीच चंगळ. शहरातला माणूस मंगळवारी थोडाच येणार आहे?" देवळात शांतता पसरली. मग काकींनीच तोड सांगितली. घरांच्या नावांची माळ करायची. पहिले पाहुणे पहिल्या घरी, पुढचे पुढच्या. या शनिवारी माळ जिथे थांबली, तिथून पुढच्या शनिवारी सुरू. नाव मात्र 'वार' हेच राहिलं.

बाकीचे नियम त्याच रात्री ठरले. सगळ्या घरांचा दर एकच आणि ताटही एकच. प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम कासवाच्या डब्यात. त्यातून हॅचरीचं कुंपण, बॅटऱ्या आणि टोपल्यांचा खर्च भागवायचा. आणि ज्या घराला पाहुणा, त्या घराला गस्त. माळेप्रमाणे रोज रात्री दोन माणसं पुळण चालणार. पाहुण्याचा आणि गस्तीचा असे दोन रकाने आखलेली वही काकींकडे. भैरीपुढे नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि बैठक उठली.

पहिल्या हंगामात नऊ घरटी सापडली. आबाच शिकवायला होते. अंडी उचलताना जशी असतील तशीच उचलायची, गोल फिरवायची नाहीत. एकदा आत जीव धरू लागला की अंडं उलटं झालं तर तो गुदमरतो. हॅचरीत खड्डाही मादी करते तसाच, खाली रुंद आणि वर निमुळता, हाताने कोरायचा. ज्या हातांनी आयुष्यभर घरटी उपसली, ते हात आता घरटी भरत होते. आबा कोपरापर्यंत हात घालून आतली वाळू चाचपायचे आणि म्हणायचे, "अजून चार बोटं."

पैसा गावात कसा फिरतो हे मला काकींच्या वहीवरून समजलं असं धरून चला, कारण अशा गोष्टींत आपण नेहमी किती पाहुणे आले एवढंच मोजतो. काकींकडे चार माणसं दोन दिवस राहिली. त्यांचे पैसे आले त्यातून तांदूळ वरच्या वाडीतून घेतला, आमसुलं आणि कुळीथ शेजारच्या वहिनींकडून, नारळ आगरातले. पाहुण्यांना बंदरावरून आणलं ते गावातल्याच रिक्षाने. जाताना त्यांनी कोकम आगळाच्या दोन बाटल्या आणि फणसपोळी नेली, ती बचत गटाची. टोपल्यांसाठी शेजारच्या गावच्या बुरुडाला काम मिळालं. प्लॅस्टिक आल्यापासून त्याच्या टोपल्या कुणी विचारत नव्हतं. मनीऑर्डरचा रुपया पोस्टातून निघून वाण्याकडे जायचा आणि वाण्याकडून पुन्हा मुंबईला. हा रुपया मात्र गावातून बाहेर पडेपर्यंत पाच-सहा उंबरे ओलांडत होता. आणि घरातल्या बाईच्या हातात तो पहिल्यांदा येत होता, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सासूला न विचारता सुनेने पोराची फी भरली, असं त्या गावात याआधी घडलं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या वर्षी डोंबिवलीहून दोन तरुण परतले. त्यातला एक दादा. रस्त्याला लागून त्याचं वडिलार्जित चिरेबंदी घर. हुशार, बोलायला गोड, कष्टाळू. त्याने बँकेचं कर्ज काढून मागे स्लॅबच्या सहा खोल्या बांधल्या, एसी बसवले, समुद्राच्या अंगाला अंगण करून खांबावर मोठा हॅलोजन लावला. मोबाइलवर जाहिरात टाकली. पाहुणे थेट त्यालाच फोन करू लागले.

काकींनी वही पुढे केली तेव्हा तो म्हणाला, "काकी, राग मानू नका. पाहुणा माझ्या खोल्यांचे फोटो बघून येतो. त्याला मी तुमच्या पडवीत कसा पाठवू? हप्ता मला भरायचा आहे, गावकीला नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच ते पसरलं. दुसऱ्याने आपला नंबर फळकुटावर रंगवून नाक्यावर लावला. तिसऱ्याने दर उतरवला. चौथ्याने त्याहून. दर उतरले तशी ताटातून आधी सोलकढी गेली, मग फणसाची भाजी, आणि पाहुणे म्हणू लागले की पूर्वीची मजा राहिली नाही. डोंगराकडच्या वाडीला दोन हंगामांत एकही पाहुणा दिसला नाही. तिथल्या पोरांनी गस्त सोडली. काकींच्या मुलाने एका जानेवारीत काठी कोपऱ्यात ठेवली. "आई, थंडीत रात्रभर मी चालायचं आणि त्याच्या खोल्या भरायच्या?" काकींना उत्तर सुचलं नाही. गस्तीचा रकाना कोरा पडू लागला. आबा एकटे जायचे, पण सत्तरीच्या पायांनी अडीच किलोमीटरची पुळण रोज होत नव्हती. कधी कोल्ह्यांनी घरटं उकरलेलं सापडायचं, कधी कुत्र्यांनी. कधी नुसता रिकामा खड्डा आणि शेजारी माणसाच्या पावलांचे ठसे. आबा ते ठसे ओळखायचे आणि कुणाचं नाव घ्यायचे नाहीत.

जानेवारीतल्या त्या कोऱ्या रात्री मार्चमध्ये उगवल्या.

दादाकडे मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी पहाटे उठून अंगणात आली आणि ओरडली, "आई, इथे कासवं आहेत!" तिला वाटलं, ती तिला भेटायला आली आहेत. गस्त नसलेल्या एका रात्री मादीने अंडी घातली होती. ते घरटं कुणालाच सापडलं नव्हतं. ते आपोआप फुटलं. पिल्लं रात्री वर येतात आणि जिकडे उजेड दिसतो तिकडे निघतात. विजेचे दिवे नव्हते तेव्हा रात्री किनाऱ्यावर सगळ्यांत उजळ असायचा तो समुद्र. इथे सगळ्यांत उजळ होता हॅलोजन. पिल्लं समुद्राकडे पाठ करून सुरूच्या बनातून अंगणापर्यंत चालत आली होती. काही फरशीवर सुकून गेली होती. काहींच्या डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. दोन रस्त्यावर चाकाखाली आली होती.

आबांना बोलावणं गेलं. ते आले, अंगणात उकिडवे बसले, डोक्यावरची टोपी काढली आणि एकेक पिल्लू उचलून तिच्यात ठेवू लागले. चाळीस मोजली. मग थांबून एकाला तळहातावर घेतलं, त्यावर फुंकर घातली. त्याचं पुढचं वल्हं हललं. आणखी दोन जिवंत निघाली. आबांनी ती तिन्ही दादापुढे धरली. बोलले काहीच नाहीत.

दादाने ती ओंजळीत घेतली. अनवाणी पुळणीवर गेला, भिजल्या वाळूच्या अलीकडे गुडघे टेकले आणि तिघांना खाली ठेवलं. दोन निघाली. तिसरं बराच वेळ तसंच पडून राहिलं, मग तेही निघालं. तो परतला तो सरळ खांबाशी गेला आणि दिव्याची वायर ओढून काढली. मुंबईच्या कुटुंबाने दोन दिवसांचं राहणं सोडून त्याच सकाळी गाडी काढली. ती मुलगी रडत होती.

त्या हंगामात हॅचरीत दोनच टोपल्या होत्या. लोक येत, रिकामी वाळू बघत आणि निघून जात. सहा खोल्यांचे एसी बंद पडून राहिले आणि हप्ता थकला.

शिमग्याला पालखी सहाणेवर आली. गाऱ्हाणं झालं, चाकरमान्यांची नावं पुकारून झाली, आणि दादा नारळ घेऊन पुढे आला. सगळ्या गावादेखत त्याने तो पालखीपुढे ठेवला. माफी वगैरे मागितली नाही. वळून काकींना एवढंच विचारलं, "काकी, माझा वार कधी येतो?"

काकींनी कमरेशी खोचलेली वही काढली. सगळ्यांना वाटलं होतं की वही केव्हाच बंद पडली असेल. पण गेल्या दोन हंगामांतला प्रत्येक शनिवार तिच्यात लिहिलेला होता. माळ थांबली नव्हती. कोणत्या शनिवारी कोणत्या घराचा वार, ते ओळीने मांडलेलं, पुढे पाहुण्याचा रकाना रिकामा. दादाचं नाव त्यात चार वेळा आलं होतं.

"तुझं नाव खोडलं कुणी?" काकी म्हणाल्या. "पुढचा वार तुझाच. गस्त गुरुवारी रात्री. तोंडाला मफलर बांध, वारा फार असतो."

पुढच्या बैठकीत काही नियम बदलले, कारण दादाचं कर्ज खरं होतं आणि त्याला बुडवून गाव तरणार नव्हतं. माळेतली सगळी घरं भरली की उरलेले पाहुणे त्याच्या स्लॅबच्या खोल्यांत जातील असं ठरलं. त्याचा जाहिरातीचा नंबर गावाचा नंबर झाला. फोन तोच घ्यायचा, कारण बोलणं त्यालाच जमायचं, पण घर वही सांगायची. नोव्हेंबर ते मे समुद्राच्या अंगाला एकही उघडा दिवा नाही, हा नियम त्यानेच मांडला. दराचा फळा नाक्यावर लागला, ताटात सोलकढी परत आली. कर्ज फिटायला पाच वर्षं लागली. एरवी तीनच लागली असती. दादाने ती दोन वर्षं कधी बोलून दाखवली नाहीत.

मग ३ जून २०२० उजाडला. कोरोनाची टाळेबंदी चालू होती, मार्चपासून एकही पाहुणा नव्हता. दुपारी निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यात त्याने काय केलं ते ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, कौलं पतंगासारखी उडाली. सुपारीचं झाड लावल्यापासून हाती पीक यायला सहा-सात वर्षं तरी जातात. बापाने लावलेलं आगर पोराच्या डोळ्यांदेखत काही तासांत गेलं. आपल्या गावात ४२ पैकी धड छप्पर राहिलं ते चार घरांना. दादाच्या सहा खोल्या शाबूत होत्या. त्या रात्री त्यांत अकरा कुटुंबं झोपली, काकीही. वीज पुढे कित्येक दिवस आली नाही.

कासवाच्या डब्यात काही वर्षांची शिल्लक होती. सरकारी मदत येईपर्यंत पत्रे आणायचे तर त्यातूनच. आधी कुणाला, यावर आवाज चढणार असं गुरुजींना वाटत होतं. काकींनी वही उघडली आणि माळ जिथे थांबली होती तिथपासून नावं वाचायला घेतली. पहिलं नाव दादाचं निघालं. त्याने काकींच्या हातातलं पेन घेऊन आपलं नाव तिथून काढलं आणि सगळ्यांत खाली लिहिलं.

त्या वर्षी नोव्हेंबर लागला तेव्हा निम्म्या घरांवर ताडपत्री होती. महोत्सव भरणार नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. आबा आता पुळणीपर्यंत येत नव्हते. सहाणेवर बसून, जाणाऱ्यांच्या काठ्या हातात घेऊन बघत आणि परत देत. पहिल्या रात्री काकींचा मुलगा आणि दादा गेले.

त्या हंगामाचं पान वहीत आहे. पाहुण्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा, आणि गस्तीच्या रकान्यात नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत रोज दोन नावं.